तांबडी पानं

तो अंगरखा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो अंगरखा नव्हताच, त्याची एक चिंधी होती. आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेतल्या घरात, पाटावर पांढरा कागद अंथरून त्यावर ती ठेवली होती. वीतभर. सुती कापडाचा रंग चहात बुडवल्यासारखा झालेला, आणि त्याच्या कडेला चार बोटं रुंद रेशमी पट्टी. पट्टीवर एक वेल चढत गेलेली. तांबडी फुलं, हिरवी पानं, मधे पिवळ्या कळ्या, आणि मागची जमीन निळी. कापड विटलं होतं, पण रेशमाचा रंग काल रंगवल्यासारखा होता. हे भरतकाम नव्हतं. सुईचा एकही टाका नव्हता. प्रत्येक रंगाचा धागा वेगळा घेऊन, मागावरच, पान संपतं तिथं थांबवून आणि फूल सुरू होतं तिथं दुसरा अडकवून ते विणलेलं होतं. मागच्या बाजूनंही तितकंच स्वच्छ.

ती चिंधी घेऊन पुण्याच्या एका वस्तुसंग्रहालयातल्या मॅडम आल्या होत्या. त्यांना घेऊन आले होते अक्कलकोटचे एक कापड दुकानदार. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. लिंगायत घर, बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. त्यांच्या दुकानासाठी माझे वडील देवाच्या वस्त्रांचे रेशमी काठ विणून द्यायचे.

वडिलांना मी नान्ना म्हणते. आमच्या घरात तेलुगू बोलतात. तरी इथं मी त्यांचं बोलणं सोलापुरी मराठीतच लिहिते, कारण बाहेर ते तसंच बोलतात. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या कारखान्यात चादरीचे यंत्रमाग चालवले. त्या खडखडाटानं एक कान गेला. पण घरातला, खड्ड्यात पाय सोडून चालवायचा हातमाग त्यांनी मोडू दिला नाही. दोन खोल्यांचं घर, त्यातली पुढची खोली मागानं व्यापलेली. जेवायला बसलं की कुणाची तरी पाठ मागाच्या खांबाला टेकायचीच. आई होती तोवर ती त्याच खोलीच्या उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची. ती गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. मी सासरहून दोन वर्षांत परत आले होते, त्याची गोष्ट इथं सांगण्यासारखी नाही. एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात मी डिस्पॅचचं काम करते. कुठला माल कुठल्या खोक्यात, कुठलं स्टिकर कुठं, एवढंच.

मॅडम म्हणाल्या, हा अंगरखा एका जुन्या घराण्याच्या पेटीत मिळाला. काही शे वर्षांपूर्वीचा असावा. गळ्याला, बाहीला आणि घेराला अशीच पट्टी आहे. पण घेरापुढची हातभर पट्टी उंदरांनी कुरतडून टाकलेली. तशीच पट्टी आज कुणी विणू शकेल का, हे त्या दोन वर्षं शोधत होत्या.

बोलता बोलता त्यांनी पिशवीतून पांढरे हातमोजे काढून नान्नांपुढे ठेवले.

"हे घालून बघा, मामा. हाताच्या घामानं रेशीम खराब होतं."

नान्नांनी मोजे उचलले, उलटसुलट केले आणि परत ठेवून दिले.

"हे घालून मला काय कळणार?"

"पण आमचा नियम आहे."

"मग फोटो दावा. फोटो बघून मी फोटोच विणीन."

अप्पा मधे पडले. "मॅडम, ह्या माणसाचं सगळं बोटांत हाय की. धुऊ द्या हात, आनि बघू द्या."

मॅडमनी मोजे परत पिशवीत टाकले. मग त्यांनी मान हलवली. नान्नांनी मोरीत जाऊन तीनदा साबण लावला, पंख्याखाली हात वाळवले आणि पाटापुढे मांडी घातली. मॅडमनी एक कड स्वतः धरून ठेवली आणि दुसरी त्यांच्या बोटांत दिली. नान्नांनी डोळे मिटले. तेव्हा मला वाटलं, लक्ष लागावं म्हणून मिटले असतील.

त्यांचा अंगठा पट्टीवरून इतका हळू सरकत होता की तो सरकतोय हे बघत राहिल्याशिवाय कळलं नसतं. एका जागी तो थांबला.

"हितं गाठ हाय," ते म्हणाले. "ह्या फुलात. हितं विणणाऱ्याचं तांबडं रेशीम संपलं."

मॅडमनी भिंग काढलं. गाठ दिसली नाही, पण त्या फुलाच्या अर्ध्या पाकळ्या बाकीच्यांहून किंचित फिक्या होत्या. मलाही ते तेव्हाच दिसलं.

"मी दोन वर्षं हे बघतेय," मॅडम म्हणाल्या. "मला नव्हतं दिसलं."

"रंगाऱ्यानं दुसऱ्या खेपेला फिकं दिलं असंल. तांबडं दुसरं हाय, बोटाला जास्त कोरडं लागतं." नान्ना हसले. "काम तर थांबवता येत न्हाय. घातलं तसंच."

त्या एका गाठीवर त्यांनी काम घेतलं असं मला आजही वाटतं. मॅडम दोन दिवस लॉजवर राहिल्या, रोज चिंधी घेऊन यायच्या, आणि नान्ना रोज सकाळ-दुपार ती बोटांनी वाचायचे. जाताना मॅडम मोठे फोटो ठेवून गेल्या. घाई नाही म्हणाल्या.

ताणा लावायलाच पंधरा दिवस गेले. आणि त्या दिवसांत मला कागद सापडला.

मी रेशन कार्ड शोधत होते. त्याच प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद होता. तारीख मॅडम यायच्या बऱ्याच आधीची. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. मी एक दिवस कारखान्यातून लवकर निघून तो कागद घेऊन त्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, डोळ्यामागची नस सुकत चालली आहे, जेवढं गेलं ते परत येत नाही, उरलंय ते उपचारांनी थोडं लांबवता येईल. "त्यांना मी सगळं सांगितलंय," असंही म्हणाले. "तुम्हाला सांगितलं नाही का त्यांनी?"

मी घरी आले. नान्ना खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले होते आणि तोंड उजेडाकडे करून ताण्यातला तुटलेला धागा शोधत होते. म्हणजे मला वाटलं शोधत होते. प्रत्यक्षात ते बोटांनी एकेक धागा मोजत होते. मी चहा केला. तो कागद परत त्याच पिशवीत ठेवला.

मी का नाही विचारलं, याचं उत्तर मला त्यानंतर पुष्कळदा सुचलंय, आणि दर वेळी वेगळं सुचलंय. एक म्हणजे, विचारलं असतं तर काम परत करावं लागलं असतं, आणि कामाची गोष्ट निघाली की ते पूर्वीसारखे बोलत होते. आई गेल्यापासून ते माझ्याशी दिवसाला चार वाक्यं बोलायचे. आता रोज त्या जुन्या विणकराबद्दल बोलत होते. तो डावखुरा असणार, म्हणाले. त्याला पानांपेक्षा फुलांची हौस जास्त असणार.

मग विणकाम सुरू झालं. सुरुवातीला ते उजेडाला दोष द्यायचे.

"आज आभाळ हाय वाटतं. बिड्डा, ह्यातलं हिरवं कुठलं गं?"

बिड्डा म्हणजे लेकरू. बाहेर लख्ख ऊन असायचं. मी हिरवं रेशीम गुंडाळलेली कांडी उचलून त्यांच्या हातात द्यायची. पण दिवसभर मी घरी नसायचे. म्हणून एक दिवस मी स्टीलच्या चार वाट्या काढल्या आणि त्यांच्या उजव्या हाताशी ओळीनं मांडल्या. सगळ्यात जवळ तांबडं, मग हिरवं, मग पिवळं, शेवटी निळं. रोज सकाळी आठच्या बसला जायच्या आधी मी कांड्या भरायची आणि त्याच क्रमानं वाट्यांत ठेवायची. ते काही बोलले नाहीत, मीही काही सांगितलं नाही. फक्त एकदा म्हणाले, "वाट्या बऱ्या हाएत. कांड्या पळत न्हाईत."

संध्याकाळी मी चौकटीच्या वहीत फोटोवरून वेल उतरवायची. एक चौकट म्हणजे दोन धागे. जेवण झालं की मी वाचून दाखवायची, "निळं अकरा, हिरवं तीन, निळं दोन, तांबडं सात," आणि ते भिंतीला टेकून ओठांतल्या ओठांत म्हणून घ्यायचे. चुकले तर मी थांबायची. दुसऱ्या दिवशी ते तेवढं विणायचे. कधी अर्धं बोट, कधी चार ओळीच. ते तीन महिने आमच्या घरातले चांगले महिने होते. हे सगळं कशावर उभं आहे ते दोघांनाही माहीत होतं, पण तेवढ्यापुरतं चालून जात होतं.

दीड वीत झाली होती. मॅडमना आम्ही फोनवरून रोज नाही तरी आठवड्याला फोटो पाठवायचो, आणि त्यांचे निरोप यायचे. सुंदर. अगदी तसंच. मी ते वाचून दाखवायची. नान्ना एकदा म्हणाले, "अगदी तसंच नसतं कधी. पण म्हणू दे त्यांना."

त्या सकाळी कारखान्यातून साडेसातलाच फोन आला. रात्रीत भरलेल्या खोक्यांवर चुकीची स्टिकरं लागली होती आणि गाडी दारात उभी होती. सुपरवायझर ओरडत होता. मी मोबाइल खांद्यावर कानाशी दाबून धरला आणि बोलता बोलता कांड्या भरल्या, बोलता बोलता वाट्यांत ठेवल्या, आणि चप्पल घालत बाहेर पडले. दिवसभर खोकी उघडून परत चिकटवण्यात गेला. वाट्यांचा विचार एकदाही मनात आला नाही.

संध्याकाळी घरी आले तर नान्ना खुशीत होते.

"आज हात लई चांगला चालला," ते म्हणाले. "बघ."

मी वाकून पाहिलं. दोन बोटं विणलं होतं. एवढं त्यांनी एका दिवसात कधीच विणलं नव्हतं. एक पूर्ण फूल आणि दोन्ही बाजूंची पानं. फूल हिरवं होतं आणि पानं तांबडी.

वीण इतकी सुबक होती की क्षणभर मला वाटलं, हेच बरोबर आहे आणि आजवरचं चुकीचं. मग मी वाट्यांकडे पाहिलं. जवळच्या वाटीत हिरव्याचे उरलेले धागे होते.

"दिसतंय का नीट?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "छान झालंय."

रात्रभर मी ठरवत होते. उसवावं तर ते बोटांनी रोजची लांबी मोजतात, लगेच कळणार. सांगावं तर सगळंच सांगावं लागणार. की मला कागद सापडला, की मी डॉक्टरांकडे गेले, की वाट्या कशासाठी आहेत. सकाळी मी वाट्या नीट लावल्या, दोनदा तपासल्या आणि कामावर गेले. त्यांनी त्या चुकलेल्या फुलापुढे आणखी अर्धं बोट बरोबर विणलं. दुसऱ्या दिवशीही तेच. आता चूक दोन बाजूंनी बरोबर कामाच्या मधे अडकली होती.

तिसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती आणि अप्पा आले. त्यांना देवाच्या वस्त्राच्या नव्या काठाबद्दल बोलायचं होतं. चहा पिऊन ते मागाशी गेले.

"अय्यो मामा, हे काय केलाव!" ते हसतच म्हणाले. "पानं तांबडी? आनि फूल हिरवं? ते जुन्या कपड्यात असंच हाय काय?"

नान्नांचे हात थांबले. ते अप्पांकडे वळले नाहीत, माझ्याकडे वळले, म्हणजे मी जिथं उभी असेन असं त्यांना वाटलं त्या बाजूला.

"बिड्डा, खरं का?"

"हो."

"कुठनं?"

मी त्यांचं बोट धरून त्या जागी नेलं. त्यांनी त्या फुलावरून अंगठा फिरवला, एकदा वर, एकदा खाली. अप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांना एकदम सगळं कळलं होतं. ते कानडीत काहीतरी पुटपुटले आणि चहाचा रिकामा कप उगाच हातात धरून उभे राहिले.

"माझी चूक," नान्ना म्हणाले.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. चूक तुमची नाही, वाट्या मी उलट लावल्या. एवढंच म्हणायचं होतं. अप्पा तिथं होते म्हणून मी नाही म्हणाले. मग अप्पा गेले. मग नान्ना खड्ड्यातून बाहेर आले, मोरीवर पाय धुतले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले म्हणून नाही म्हणाले. मग जेवायला उठले नाहीत म्हणून. प्रत्येक वेळी मला वाटलं, हे थोडं निवळू दे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना फोन लावायला सांगितला. मी स्पीकर सुरू करून फोन त्यांच्या पुढ्यात धरला.

"मॅडम, माझे डोळे गेले," ते म्हणाले. "तुमचं काम अर्ध्यात राह्यलं. माफ करा."

मॅडम आठवड्यानं आल्या. चांगल्या बाई. त्यांनी एक शब्दही वावगा काढला नाही. म्हणाल्या, दीड वीतसुद्धा खूप आहे, असं काम आता बघायला मिळत नाही. नान्नांनी मला कात्री घ्यायला सांगितली. जिथून चूक सुरू होते तिथल्या सरळ रेषेवर मी कापलं. माझ्याच हातानं. दीड वितीचा चांगला तुकडा मॅडमनी कागदात गुंडाळून नेला. पुढचा तुकडा मागावरच राहिला.

"ते काढ आणि टाकून दे," नान्ना म्हणाले.

मी तो काढला आणि सकाळी घंटागाडीत टाकला. ठेवून घ्यावासा वाटला होता, पण तो घरात कुठंही ठेवला तरी मला दिसत राहिला असता.

दिवाळीनंतर माग मोडला. त्यांनीच सांगितलं. मोहोळच्या पुढं हायवेवर नवं हॉटेल होत होतं. त्या मालकाला भिंतीवर शोभेला लावायला जुन्या मागाची लाकडं हवी होती. दोन माणसं टेम्पो घेऊन आली आणि तासाभरात सगळं काढून घेऊन गेली. खड्डा आम्ही फुटक्या विटांचं राबिट टाकून भरला आणि वर फरशी बसवली. फरशीचा रंग जुळला नाही. नान्ना त्या खोलीतून जाताना अजून त्या चौकोनाला वळसा घालून जातात. त्यांना रंग दिसत नाही. खड्डा होता तेव्हाची ती सवय आहे.

पुढच्या वर्षी मॅडमचा फोन आला. अंगरखा आता दालनात मांडला होता. मामांना घेऊन या म्हणाल्या. तोपर्यंत नान्नांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. मी विचारलं तेव्हा ते लगेच हो म्हणाले. स्वच्छ धोतर नेसले, टोपी घातली. एसटीनं पुण्याला निघालो. एका ठिकाणी त्यांनी विचारलं, "मोहोळ गेलं का?"

"गेलं," मी म्हणाले. हॉटेलच्या काचेमागे मला आमच्या मागाची लाकडं दिसली होती.

दालन थंड आणि अंधारं होतं. अंगरखा एका उंच काचेच्या कपाटात, बाह्या पसरून टांगलेला. पूर्ण अंगरखा मी पहिल्यांदाच पाहत होते. तो घालणारा माणूस ठेंगणा असणार. नान्नांनी हात पुढं केला आणि तो काचेला लागला.

"काचेला हात लावू नका, आजोबा," कोपऱ्यातला पहारेकरी म्हणाला.

नान्नांनी हात मागं घेतला आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले. मॅडम बाहेरगावी होत्या, त्यामुळे तिथं आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं.

"कसं हाय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. गळ्याची पट्टी, बाहीची पट्टी, घेर.

"आणि उंदरांनी खाल्लेलं? तितं आपलं लावलंय?"

लावलं नव्हतं. कुरतडलेल्या जागी मागून साधं फिकट कापड जोडलेलं होतं. शेजारच्या फलकावर लिहिलं होतं की जुन्या वस्त्रात नवं विणकाम मिसळू नये म्हणून असं केलं जातं. आमचा तुकडा खाली एका कोपऱ्यात वेगळा ठेवला होता. त्याच्यापुढे छोटी चिठ्ठी होती. हातमागावर विणलेला नमुना, सोलापूर.

मला खोटं बोलता आलं असतं. ती तयारी मी केलीही. मग मी सगळं होतं तसं सांगितलं.



"बरं केलं त्यांनी," नान्ना म्हणाले. "त्याच्यात माझं घातलं असतं, तर माझ्या चुका त्या जुन्या विणकराच्या नावावर गेल्या असत्या."

"तुमच्या तुकड्यात चूक नाही, नान्ना."

"असती. तुला दिसत न्हाय."

बाहेर आवारात कडुलिंबाखाली बाक होता. मी डबा उघडला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली होती. त्यांच्या हातात तुकडा देताना माझ्या तोंडून ते आपोआप निघालं. मी ठरवलं नव्हतं.

"त्या दिवशी वाट्या मी उलट ठेवल्या होत्या. फोनवर बोलत होते. हिरवं आणि तांबडं उलट झालं. तुमची चूक नव्हती."

त्यांनी भाकरी खाली ठेवली. इतका वेळ गेला की मला वाटलं, चांगल्या कानाच्या बाजूला मी बसले नसेन.

"मला हाताला वेगळं लागत होतं," ते शेवटी म्हणाले. "फूल विणताना धागा कोरडा लागायला पायजे, तर तो मऊ लागत होता. मी चारदा थांबलो. मग म्हटलं, वाटी बिड्डानं लावलीय, ती चुकायची न्हाय. म्हंजे माझी बोटंच गेली."

मी हातातला डबा बाकावर ठेवला.

"डोळे गेल्याचं मला काय नवं न्हवतं," ते म्हणाले. "डोळ्यांवर माग कधी चालवला मी? बोटं गेली म्हणून उठलो."

"मला तेव्हाच सांगायला हवं होतं."

"व्हय. सांगायला पायजे होतंस." रागानं नाही, सरळ म्हणाले. "आणखी सात-आठ महिने तरी विणलं असतं मी."

त्यांनी भाकरीचा तुकडा परत उचलला आणि खाल्ला. पाणी मागितलं. परतीच्या गाडीत ते इंदापूर येईपर्यंत खिडकीशी ताठ बसून होते. मग झोपले. मी सोलापूरपर्यंत जागी होते.

आठवड्याभरात मी सुताराकडून एक लहान लाकडी चौकट करून घेतली, मांडीवर मावेल एवढी. अप्पांनी अक्कलकोटहून रेशीम पाठवलं, काही न विचारता. रविवारी मी नान्नांच्या शेजारी बसले आणि प्रत्येक रंगाचं नाव मोठ्यानं घेऊन कांडी त्यांच्या हातात दिली. ते बोटांनी चाचपून पाहायचे, मान हलवायचे आणि घ्यायचे. पहिल्या दिवशी एक पान झालं. बरोबर झालं. मी ते त्यांना सांगितलं आणि त्यांनी विश्वास ठेवला.

पण वर्षभर हात रिकामा राहिला होता. बोटांना कंप आला होता. धागा तुटायचा, गाठ मारायला गेलं की गाठीतून सुटायचा. तिसऱ्या रविवारी एक धागा पाच वेळा तुटला. सहाव्या वेळी त्यांनी तो जोडला नाही. चौकट मांडीवरून उतरवून माझ्याकडे दिली.

"बास आता," म्हणाले.

मी काही म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं थांबवलं. "आता खरंच गेली. ह्या खेपेला मला माहिताय."

ह्याला आता बरेच महिने झाले. सकाळी मी बसला जायच्या आधी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालते. नजरेसाठी त्यांचा काही उपयोग नाही, नुसतं दुखू नये म्हणून घालायचे, असं डॉक्टरांनी सांगितलंय. नान्नांना मी तेही सांगितलंय. तरी मी बाटली हलवल्याचा आवाज आला की ते मान मागं टाकतात आणि डोळे मोठे उघडून धरतात, आणि थेंब पडेपर्यंत पापणी लवू देत नाहीत.